सत्तावीस नंबरची नळी

अहवालाच्या चौदाव्या पानावर लिहिलं होतं की रिम्बो तिंगीच्या कोंबड्यांना स्वतःचं असं मूळ नाही. ते पान मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायची गरज नव्हती, कारण त्यातला तक्ता मीच केला होता.

रिम्बो तिंगी हे माझं गाव. चाळीस कोंबड्यांचं रक्त तिथून शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत आलं, तेव्हा माझ्या हातात फक्त नंबर होते, एक ते चाळीस, आणि प्रत्येक नंबरापुढे एका गटाचं अक्षर. असे सात गट होते. कुठला कोंबडा कुणाचा, ही यादी प्रोफेसर शाहरिल यांच्याकडे होती. तपासणाऱ्याला नावं कळू नयेत हा नियम आहे आणि तो मला आवडत असे.

आमच्या डोंगरातले कोंबडे मजल्यांनी आरवतात. आधी साधी बांग. ती संपतेय असं वाटतं तोच तिच्यावर दुसरा तुकडा चढतो, मग त्यावर तिसरा. पाच मजले म्हणजे बरा कोंबडा. नऊ म्हणजे दुसऱ्या खोऱ्यातले लोक घाट चढून ऐकायला येतात. शर्यतीच्या दिवशी उंच खांबांवर पिंजरे टांगतात आणि पंच खाली उभे राहून बोटांवर मजले मोजतात. कोंबडा पुरुषांचा असतो. त्याला नाव असतं, त्याच्यावरून चहाच्या टपरीत भांडणं होतात. कोंबडी बायकांची. ती घराखालच्या खांबांत राहते, आणि आम्हा मिनांग लोकांत घर आणि शेत जसं आईकडून मुलीकडे जातं तशीच तीही जाते. पुरुष लग्नानंतर बायकोच्या आईच्या घरी येतो आणि तिथे जन्मभर पाहुण्यासारखा वागतो.

अहवालाचं म्हणणं असं होतं: सात गावांतून आलेले हे पक्षी एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, म्हणजे ते अलीकडच्या काळात बाजारातून फिरत आलेले, सरमिसळ झालेले आहेत. अशा पक्ष्यांचं जतन करण्यात अर्थ नाही. जुन्या कोंबड्या काढून घ्याव्यात, पैदास केंद्रातल्या चांगल्या कोंबड्या द्याव्यात. कोंबडे ठेवले तरी चालतील. सरकारी कार्यालयाने हे मान्य केलं होतं. गावाच्या वतीने माझ्या मामांनी सही केली होती. मंगळवारी खालच्या आळीत ट्रक येणार होता, बुधवारी वरच्या.

सात गावं वाचून मी थांबले. रक्त तर सगळं एकाच गावातून आलं होतं.

सरांनी यादी लगेच दिली. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं. सहावा रकाना होता ‘पक्ष्याचं मूळ ठिकाण, मालकाच्या सांगण्याप्रमाणे’. त्यात आयर काबुत होतं, कोतो रामान होतं, आणखी पाच गावं होती. रिम्बो तिंगी एकदाही नव्हतं.

शनिवारी सकाळच्या बसने मी घरी गेले.

अमाक, माझी आई, स्वयंपाकघरात मिरच्या वाटत होती. ट्रकबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तिच्या अकरा कोंबड्या खाली जमीन उकरत होत्या आणि ती वरवंटा असा चालवत होती, जणू पाट्यावर कुणीतरी झोपलंय. मी तिच्याजवळ बसून यादी वाचायला घेतली.

“बारा नंबर. झुल्बाहरी. मूळ, आयर काबुत.”

“आयर काबुतला त्याच्या आईकडे बदकं आहेत,” ती म्हणाली. “कोंबडीचं पीस नाही त्या घरात. पुढे?”

“एकोणीस. बाख्तियार दाजी. मूळ, कोतो रामान.”

वरवंटा थांबला. बाख्तियार माझ्या थोरल्या बहिणीचा, रोस्नाचा नवरा. तो याच घरात राहतो.

“तो कोंबडा या फळ्यांखाली अंड्यातून निघाला,” अमाक म्हणाली. “त्याची आई ती एका डोळ्याची. तिची आई मी रोस्नाला पहिल्या बाळंतपणात दिली. तिची आई माझ्या आईकडची, शेपटीत पांढरं पीस असलेली. कोतो रामान कुठून आलं मधे?”

मग मी एकेक नंबर वाचत गेले आणि ती सांगत गेली. कोणत्या कोंबडीची कोण, कुणाच्या लग्नात दिली, कुणाच्या सुतकात मागून आणली. कधी चार पिढ्या, कधी सहा. ती कुठेही अडखळली नाही. चाळिसांपैकी चार कोंबडे खरोखर बाहेरून विकत आणलेले होते, ते तिने आधीच बाजूला काढले. उरलेले छत्तीस याच गावच्या कोंबड्यांच्या पोटचे. मशिदीत दुपारच्या नमाजाची बांग होईपर्यंत माझ्या वहीची सतरा पानं भरली.

ज्या दिवशी रक्त घेतलं त्या दिवशी ती कुठे होती, असं मी विचारलं.

“इथेच. चहा देत होते.”

“आणि कुणी तुला काही विचारलं नाही?”

“विचारलं ना. साखर आहे का म्हणून.”

दुपारी बाख्तियार दाजी जेवायला आला. फणसाची आमटी आणि वाळवलेले मासे होते. मी त्याला सरळ विचारलं. तो बराच वेळ काट्यांतून मासा सोडवत राहिला.

“समोर तुझे मामा बसलेले,” तो शेवटी म्हणाला. “दातुक. घरचे कारभारी. तुझी आई चहा ठेवतेय. आणि मी काय म्हणू, हा कोंबडा माझ्या बायकोच्या कोंबडीचा? संध्याकाळी टपरीवर सगळे म्हणाले असते, बघा, बायकोच्या कोंबडीवर मिशीला पीळ देतोय.”

“म्हणून खोटं सांगितलंत.”

“खोटं कसलं? मी माझ्या आईचं गाव सांगितलं. इथलं माझं काहीच नाही, हे तुम्हीच लोक आम्हाला शिकवता. झुल्बाहरीने आधी तसं सांगितलं. त्याने सांगितल्यावर मी वेगळं कसं सांगणार? मग सगळ्यांनीच आपापल्या आईचं गाव सांगितलं.”

रोस्ना मध्येच म्हणाली की शर्यतीत जिंकल्यावर बक्षीस ठेवायला मात्र त्याला याच घरातलं कपाट सापडतं. त्याचे कान लाल झाले होते.

मला त्याचा राग आला, पण तो टिकला नाही. टिकणारा राग दुसरा होता. तो सहावा रकाना मीच लिहिला होता. प्रयोगशाळेत बसून, अर्ध्या तासात. या गावात जन्मून, या घरात वाढून, कोंबडीचं मूळ पुरुषाला विचारायचं असं मी छापून दिलं. त्या दिवशी मी बरोबरही आले नव्हते, कारण यंत्रावर माझी पाळी लागली होती.

सगळे आकडे माझ्या लॅपटॉपमध्ये होते. मी सात गावं पुसली आणि अमाकच्या सतरा पानांप्रमाणे नवे गट केले. प्रत्येक पेशीत डीएनएचा एक लहानसा तुकडा असतो, जो फक्त आईकडून येतो. मुलालाही मिळतो, पण मुलगा तो पुढे देत नाही. शहरातल्या वर्गात हे समजवायला मला अर्धा तास लागतो. अमाकला अर्धं वाक्य पुरलं.

“म्हणजे आपल्यासारखंच,” ती म्हणाली आणि उठून मिरच्या भरायला गेली.

उत्तर यायला चार मिनिटं लागली. अहवालात जिथे नुसता गोंधळ दिसला होता तिथे आता तीन धागे स्वच्छ दिसत होते, घराण्यांप्रमाणे वेगळे, आणि ते पैदास केंद्राच्या किंवा शहरातल्या कुठल्याही कोंबडीशी जुळत नव्हते. छत्तीसपैकी पस्तीस नळ्या बरोबर अमाकने सांगितलं तिथे पडल्या. एक पडली नाही. सत्तावीस.

सत्तावीस नंबरचा कोंबडा खालच्या आळीतल्या साफ्रिदा मावशींच्या जावयाचा. अमाकच्या सांगण्याप्रमाणे त्या घरच्या सगळ्या कोंबड्या तिच्याच एका कोंबडीच्या. तीस वर्षांपूर्वी रोग आला, साफ्रिदाचं सगळं खुराडं गेलं, तेव्हा अमाकने तिला अंड्यावर बसलेली कोंबडी टोपलीसकट नेऊन दिली होती. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण नळीतला धागा अमाकच्या कोंबड्यांचा नव्हता. गावातल्या दुसऱ्या कुणाचाही नव्हता. माझ्याकडे आठ देशांतल्या कोंबड्यांच्या याद्या आहेत. त्यांतही तो नव्हता. तो फक्त त्या एका घरात होता.

मला वाटलं अमाक चकित होईल.

“म्हणजे तिने माझी कोंबडी विकली,” ती म्हणाली. “विकली, आणि तीस वर्षं ईदला येऊन माझे आभार मानत राहिली.”

मी तिला सांगायचा प्रयत्न केला की हे फार महत्त्वाचं आहे, असा धागा मी कुठे पाहिलेला नाही. ती ऐकत नव्हती. ती तीस ईद मोजत होती.

सोमवारी मी सरांसमोर नवा तक्ता ठेवला. त्यांनी तो नीट पाहिला. ते हुशार आहेत, त्यांना एका मिनिटात कळलं.

“यूस्नेती, आईच्या आठवणींना पुरावा म्हणत नाहीत,” ते म्हणाले.

“सहाव्या रकान्यातही आठवणीच आहेत, सर. फक्त पुरुषांच्या.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. अहवाल वर गेलाय, आता मागे घेतला तर पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाचं काय होईल याचा मी विचार करावा, असं त्यांनी समजावलं. पुढच्या लेखात ही दुरुस्ती सविस्तर घालू, त्यावर पहिलं नाव माझं असेल. तोवर कोंबड्या कापलेल्या असतील, असं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले की नमुने आपल्या फ्रीझरमध्ये सुरक्षित आहेत.

सरांच्या आईचं घर आमच्या पलीकडच्या खोऱ्यात आहे. ते स्वतः बायकोच्या घरी राहतात. त्या रकान्यात पुरुष काय सांगतील हे त्यांना कळलं नसेल, असं मी मानत नाही. बायकांना विचारायचं तर स्वयंपाकघरात जावं लागलं असतं, आणि त्यांच्यासाठी ओटीवर खुर्ची मांडलेली होती.

मी तक्ता स्वतःच्या सहीने कार्यालयाला पाठवला. उत्तर आलं नाही. मग अमाकला फोन केला. उद्या खालच्या आळीत ट्रक येईल, त्याआधी साफ्रिदा मावशींना जाऊन सांग, कोंबड्या देऊ नका, रानातल्या खोपीत नेऊन ठेवा. बाकी कुणाचं काही होवो, त्यांची कोंबडी गेली तर संपलं. हे मी दोनदा सांगितलं.

“हो,” अमाक म्हणाली.

बुधवारी मी पोचले तेव्हा ट्रक मशिदीसमोरच्या मोकळ्या जागेत उभा होता. प्लास्टिकच्या जाळ्यांत केंद्रातल्या तांबड्या कोंबड्या, सगळ्या एका मापाच्या. गावातले पुरुष जमले होते. मामा काळी टोपी घालून अधिकाऱ्याशेजारी उभे होते. मी अधिकाऱ्याला तक्ता दिला आणि चूक कुठे झाली ते सांगितलं.

तो उद्धट नव्हता. “मॅडम, माझ्याकडे अहवाल आहे,” तो म्हणाला. “त्यावर तुमचंच नाव आहे.”

मी पुरुषांकडे पाहिलं. कुणीतरी एकाने म्हणायला हवं होतं. सगळे आपापल्या चपला बघत होते. बाख्तियार दाजी ट्रकचं चाक बघत होता.

तेवढ्यात अमाक आली. हातात कोंबडी नव्हती, टोपली नव्हती. डोक्यावरची ओढणी नीट केलेली होती, बाजाराला जाताना करते तशी.

“साहेब, तुमच्या कागदावर माझ्या घरच्या कोंबड्या आहेत का?” तिने विचारलं.

त्याने यादी चाळली. “आहेत. एकोणीस नंबर. बाख्तियार.”

“कुठल्या लिहिल्यात?”

“कोतो रामान.”

“मग ट्रक कोतो रामानला न्या. घाट उतरलात की डावीकडे. माझ्या कोंबड्या रिम्बो तिंगीच्या आहेत. बघा बरं, रिम्बो तिंगीची एक तरी कोंबडी तुमच्या कागदावर आहे का?”

त्याने सगळी यादी पाहिली. बोटाने रकाना वरून खाली, मग खालून वर. मी त्याच्याकडे बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या त्या रकान्याचा काही उपयोग झालेला दिसत होता.

“नूर्मा,” मामा हळू आवाजात म्हणाले, “मी सही केलीय.”

“कशावर केलीत, दादा? कोतो रामानच्या कोंबड्यांवर? त्या तुमच्या नाहीत. आणि इथल्या असतील तर त्या घरच्या आहेत. घरची वस्तू द्यायची तर घरातल्या बायकांना विचारावं लागतं, हे मला तुम्हीच शिकवलंत. मला कधी विचारलंत?”

मामांची मान टोपीपर्यंत लाल झाली. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

मग बाख्तियार दाजी चाकापासून दोन पावलं पुढे आला. “कोंबडी या घरची आहे,” तो म्हणाला. “माझ्या बायकोच्या घरची. मी चुकीचं सांगितलं. एकोणीस खोडा.”

मग झुल्बाहरी म्हणाला, “बारा पण खोडा. आमच्या आईकडे बदकं असतात.”

आता लोक उघड हसले, आणि हसण्यात आणखी सहा-सात जणांनी आपले नंबर खोडायला सांगितले. अधिकाऱ्याने शेवटी ‘मालकीबद्दल वाद, निर्णय तहकूब’ असं लिहिलं. ट्रक भरलेला आला होता तसाच भरलेला गेला. झुल्बाहरीने मला ऐकू जाईल असं म्हटलं की आता निदान आमच्या आईच्या बदकांचं रक्त घ्या. मला हसू आलं नाही.

“काल काय झालं?” मी अमाकला विचारलं. “साफ्रिदा मावशींनी ठेवल्या ना कोंबड्या?”

ती ओढणी सोडत होती.

“अमाक.”

“माझी कोंबडी बाजारात विकून खाल्ली तिने. मी खाली जाऊन तिच्या दारात उभी राहू?”

“तू हो म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते.”

मी केंद्राला फोन लावला. खालच्या आळीतल्या कोंबड्या मंगळवारी संध्याकाळीच मारल्या होत्या. बाहेरचा पक्षी आत ठेवायचा नाही, रोगाचा नियम. फोनवरची बाई नम्र होती. तिने किती ते मोजूनही सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

मी आईवर कधी ओरडलेली नाही. तेव्हाही ओरडले नाही. “तुझ्या कोंबड्या आठ घरांत आहेत,” मी म्हटलं. “एका घरी मेल्या तर सात घरं उरतात. तिच्या फक्त तिच्याकडे होत्या. आता जगात कुठेही नाहीत. हे मी तुला सांगितलं होतं आणि तू ईद मोजत बसलीस.”

अमाक खाली गेली, दोन तरण्या तलंगा पकडून पाय बांधले आणि खालच्या आळीच्या वाटेला लागली. मी मागून गेले.

साफ्रिदा मावशी पायऱ्यांवर बसल्या होत्या. शेजारी केंद्राची जाळी तशीच बंद. आत तांबड्या कोंबड्या एकमेकींवर चढत होत्या. अमाकने तलंगा पायरीवर ठेवल्या. त्यांच्याकडे बघून मावशी म्हणाल्या, “तुझ्या कोंबड्या मला तेव्हाही नको होत्या, नूर्मा.”

“मग तेव्हा सांगायचंस.”

“कुणाला सांगू? तुझ्या दादाने हुकूम काढलेला, रोग आलेल्या घरची एकूण एक कोंबडी मारून पुरून टाका. माझ्या आईची एक उरली होती. ती मी रानातल्या खोपीत नेऊन लपवली. पुढे तिची पिल्लं गावात आणली तर लोक विचारणार, ही कुठली? तुझी आहेत असं सांगितलं. तुझं नाव होतं म्हणून जगली ती. तुझी कोंबडी विकली खरी. तांदूळ नव्हते घरात.”

अमाक पायरीवर बसली. दोघींमध्ये त्या दोन तलंगा होत्या. अमाकने एका तलंगेच्या पायाची गाठ सैल केली.

काल त्यांनी कोंबड्या दिल्या कशा, हे मला विचारायचं होतं, पण तेही मला माहीत होतं. मामांची सही होती, अहवाल होता, अहवालावर माझं नाव होतं. नूर्माची लेक शिकलेली आहे, तिने तपासलंय म्हणजे बरोबरच असेल, असं मावशी आपल्या जावयाला म्हणाल्या होत्या. हे त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. नुसतं सांगितलं.

मी वही काढली. सत्तावीस नंबरापुढचं गाव खोडलं.

“मावशी, ती खोपीतली कोंबडी तुमच्या आईकडे कुठून आली होती?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आता विचारतेस?”

मी पेन धरून बसून राहिले. वर वाशाला टांगलेल्या पिंजऱ्यात सत्तावीस नंबरचा कोंबडा होता. त्याला ठेवलं होतं, कारण कोंबडे ठेवले तरी चालतील असं अहवालात लिहिलं होतं. त्याच्या प्रत्येक पेशीत तो धागा आहे आणि तो कुणालाही तो देऊ शकणार नाही. उरलेलं थोडं रक्त शहरात, फ्रीझरमध्ये, बर्फाहून थंड.

त्याने मान वर केली आणि सुरू केलं. आधी साधी बांग, मग तिच्यावर दुसरा तुकडा. तिसऱ्या मजल्याला मावशींचा अंगठा तिसऱ्या बोटावर गेला. अमाकचाही. मीही मोजत होते. आठव्यानंतर तो थांबला, आणि आम्ही तिघी नवव्याची वाट बघत बसलो.